ऊस लिहिला, वाचलं ‘तज्ञ’

माझ्या एका विद्यार्थिनीची ही गोष्ट, तिचं नाव इथं लिहीत नाही. आता ती चांगली मोठी झाली आहे. फोन करून विचारलं तर म्हणाली, “माझं नाव कशाला सर? फजिती तर तुमची सांगायचीय ना?” फजिती माझीच आहे, आणि ती चांगली वर्षभर चालली.

२०११ चा जून. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. गाव ऊसतोड्यांचं. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात. टोळ्या सांगली-कोल्हापूरकडं, काही कर्नाटकात जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परततात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरं. त्यातलीच एक आजी सात वर्षांच्या नातीला हाताला धरून आली आणि दारातूनच बोलली, “गुर्जी, हिला दिसत न्हाई. पर बसू द्या. मला रानात जावं लागतंय, घरी एकली ऱ्हाती.”

शिक्षण हक्क कायदा लागू होऊन वर्ष उलटलं होतं. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता, आणि माझ्या मनातही नव्हतं. हजेरीपटात नाव घातलं, पहिल्या रांगेत माझ्या खुर्चीशेजारी जागा दिली, आणि पुढचं अख्खं वर्ष तिला तिथं बसवून ठेवलं.

तेव्हा मला वाटत होतं, मी शिकवतोय. पोरीचं पाठांतर जबर होतं. कविता आज ऐकली की उद्या तोंडपाठ. पहिलीत असतानाच पाढे पंधरापर्यंत धडाधड म्हणायची. गळा गोड. पंधरा ऑगस्टला गाणं तिचं, सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाला गाणं तिचंच. पाहुणे डोळे पुसायचे, तिच्या हातात नोट ठेवायचे आणि जाताना मला म्हणायचे, “गुर्जी, पुण्य लागंल तुमाला.” मलाही ते लागत असल्यासारखं वाटायचं. खिचडीच्या रांगेत तिला उभं राहू द्यायचो नाही, ताट जागेवर पोचायचं. बाकीची मुलं पाटीवर गिरवायची तेव्हा ती भिंतीला पाठ टेकून त्यांच्या पेन्सिलींचा आवाज ऐकत बसायची. तिला पाटी घ्यावी असं माझ्या डोक्यातही आलं नाही. वर्षाच्या शेवटी नोंदवहीत मी शेरे लिहिले: ‘श्रवण उत्तम’, ‘गायनाची आवड’. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नव्हतंच. ती दुसरीत गेली.

जुलैत गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका शाळेत आल्या. त्यांच्याकडं चाळीसएक गावं होती आणि एक जुनी स्कूटी. डोक्याला बांधलेला रुमालही न सोडता त्यांनी विचारलं, “हिला अक्षरं येतात का?”

“अहो, सगळ्या कविता पाठ आहेत.”

“मी अक्षरं विचारली, सर.”

मी गप्प. मग त्यांनी तिला एक कविता म्हणायला लावली, मध्येच थांबवलं आणि विचारलं, “या ओळीत शब्द किती गं?” पोरगी गोंधळली. तिला ओळ म्हणजे एक लांब आवाज होता. त्यात शब्द सुटे असतात, शब्दात अक्षरं सुटी असतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

बाईंनी पिशवीतून एक ब्रेल पाटी, टोचायचा स्टायलस आणि अक्षरांचा एक तक्ता काढून टेबलावर ठेवला. “मी पंधरा दिवसांनी एकदा येणार. रोज तुम्ही असता,” एवढं बोलून त्या पुढच्या गावाला गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डी.एड.ला असताना विशेष गरजा असणाऱ्या मुलांवर एक प्रकरण होतं. परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्यातलं एवढंच आठवत होतं की लुई ब्रेल फ्रान्सचा. आता वयाच्या अडतिसाव्या वर्षी मुळाक्षरं नव्यानं गिरवायची वेळ आली. सहा टिंबं. डाव्या उभ्या ओळीत वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडं चार, पाच, सहा. कुठली उठलेली आणि कुठली नाहीत, यावर अक्षर ठरतं. सहा टिंबांच्या त्रेसष्ट आकृत्या होतात, तेवढ्यात मराठीची सगळी बाराखडी बसते. एकटं पहिलं टिंब म्हणजे अ, एक आणि तीन म्हणजे क. आपल्याकडच्या भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, त्यामुळं मराठीचा क आणि हिंदीचा क बोटाला एकच लागतो. तक्ता बघून हे सगळं मला दोन रविवारांत पाठ झालं. वाटलं, एवढंच होय!

खरी गंमत पाटीवर आहे. कागद पाटीच्या दोन पट्ट्यांत अडकवायचा आणि वरून टोचायचं. टिंब उठतं ते कागदाच्या मागच्या बाजूला. वाचताना कागद उलटायचा. म्हणजे लिहायचं उजवीकडून डावीकडं, आणि वाचायचं डावीकडून उजवीकडं. मी हे वाचलं होतं, समजलंही होतं.

तालुक्याच्या गावी एका बँकेत एक दृष्टिहीन गृहस्थ नोकरीला होते. ओळख काढून त्यांच्या घरी गेलो. “काहीतरी लिहून आणलंय, वाचून बघता का?” मी ‘ऊस’ लिहून नेलं होतं. मुद्दाम निवडलेला शब्द: दोनच अक्षरं, मात्रा नाही, जोडाक्षर नाही, आणि गावाचं पोट त्यावर. त्यांनी कागदावरून एकदा बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग मान वर करून म्हणाले, “तज्ञ.”

“नाही हो, ऊस लिहिलाय.”

“इथं तर तज्ञ आहे, गुरुजी,” आणि ते पोट धरून हसायला लागले. झालं असं होतं, की उजवीकडून डावीकडं जायचं हे मी पाळलं, पण प्रत्येक अक्षराची टिंबंही उलटी करायची असतात हे विसरलो. ऊ आरशात धरला की त होतो. स आरशात धरला की ज्ञ होतो. इ उलटला तर ए, ह उलटला तर ज. सगळी गंमत समजावून सांगून झाल्यावर ते म्हणाले, “आणि खरं तर तज्ज्ञमध्ये आणखी एक ज लागतो. म्हणजे शुद्धलेखनपण चुकलं तुमचं.” त्यांच्या घरी मी पुढं सात-आठ रविवार गेलो. चहा दर वेळी तेच करायचे आणि मला उठूही द्यायचे नाहीत. पोरीला जागेवर ताट आणून देण्याची माझी सवय तिथंच मोडली.

मला यायला लागलं म्हणजे तिलाही पटकन येईल, हा माझा दुसरा भ्रम. तिच्या बोटांनी आजवर असलं बारीक काम कधी केलंच नव्हतं. घरी सगळे हातात देत होते, शाळेत मी देत होतो. विशेष शिक्षिकेनं सांगितलं, आधी बोटं जागी करा. मग आजीकडून तूर, मूग, ज्वारी, बाजरी एकत्र करून घेतली आणि पोरीला निवडायला बसवलं. शाळेच्या अंगणात सहा गल खणले, तीन-तीनच्या दोन ओळी, आणि त्यांत चिंचोके टाकून अक्षरं मांडली. ती उकिडवी बसून दोन्ही हातांनी गल चाचपायची. ते अक्षर हळूहळू लहान करत आणायचं होतं: गलावरून पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या मुगाच्या दाण्यांवर, तिथून कागदावरच्या टिंबावर. बोलायला सोपं वाटतं. तीन महिन्यांत आठ अक्षरं झाली.

आणि त्या तीन महिन्यांत ती माझ्यावर रुसली. वर्षभर जिचं नुसतं कौतुक झालं, तिला पहिल्यांदाच काहीतरी येत नव्हतं. “मी गाणं म्हणते सर” हे तिचं हत्यार होतं. अक्षर चुकलं की ती गाणं काढायची, वर्ग ऐकत बसायचा, तास संपायचा. एकदा मी गाणं मध्येच तोडून म्हणालो, “गाणं नको. परत वाच.” वर्गात सामसूम झाली. तिनं स्टायलस फेकून दिला. तो शोधायला मी गेलो नाही आणि मुलांनाही जाऊ दिलं नाही. ती रडत रडत जमीन चाचपत दहा मिनिटं फिरली, बाकाखाली तो सापडला, आणि येऊन जागेवर बसली. दुसऱ्या दिवशी आजी दारात. “आंधळ्या लेकराला रागवायलाव? देव बघतोय गुर्जी!” मी काही बोलायच्या आधी पोरगी आतून ओरडली, “आजे, सर सगळ्यांनाच रागवतेत!” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा तोराच होता.

इथं एक सांगून टाकतो. पुढं ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ शब्द आला. सरकारी कागदावर मीही तोच लिहितो. आजी मात्र शेवटपर्यंत ‘आंधळं लेकरू’च म्हणाली आणि तिच्या तोंडी ते कधी टोचलं नाही. माझ्या तोंडातला ‘बिचारी’ मात्र टोचत असणार. तो काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

ब्रेलला साधा कागद चालत नाही, टिंब बसून जातं. जाड कागद महाग. मग मुलांना सांगितलं, घरातल्या लग्नपत्रिका आणा. मराठवाड्यात लग्नपत्रिकांना काय तोटा! गठ्ठेच्या गठ्ठे आले. जुनी कॅलेंडरं आली. तिची पहिली बाराखडी कुणाच्या तरी शुभविवाहाच्या पाठीवर आहे. एका पानावर तर गणपतीच्या सोंडेचा छापील उठाव बोटाला लागायचा आणि ती विचारायची, “सर, हे कोणतं अक्षर?”

मात्रांपाशी आम्ही पोचलो तेव्हा तिनं मला गार केलं. ब्रेलमध्ये मात्रा व्यंजनाच्या पुढंच येते. ‘कि’ लिहायचा तर आधी क, मग इ. मी सहज बोलून गेलो, “तुझं बरंय, आमच्यात पहिली वेलांटी आधी काढावी लागते.” ती म्हणाली, “आधी? पर बोलताना तर क आधी येतोय! मग तुम्ही वेलांटी आधी कामून काढताव?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. वर्गातली निम्मी पोरं ऱ्हस्व-दीर्घात गटांगळ्या खात होती, आणि हिला इ आणि ई ही दोन वेगळीच अक्षरं बोटाला लागत असल्यामुळं तिची वेलांटी सहसा चुकत नसे.

फळ्यावरचं गणित ही वेगळीच अडचण. मी शिकवताना काय बोलतो ते एकदा तिच्या कानानं ऐकलं: “हे इथून इकडं घ्यायचं, मग हे यातून गेलं, खाली उरलं हे.” पंधरा वर्षं मी असंच गणित शिकवत होतो. मग प्रत्येक आकडा, प्रत्येक हातचा तोंडानं बोलायची सवय लावून घेतली: “बावन्नातून सदतीस. दोनातून सात जात नाहीत, दशकातून एक घेतला.” त्यानं झालं असं, की मागच्या रांगेतली चार-पाच पोरं, जी फळ्याकडं बघत असूनही कुठंच नसायची, तीही गणितात यायला लागली. तिच्यासाठी टेलर फ्रेम मिळाली. आठ कोनांची भोकं असलेली पाटी आणि त्यात उभे करायचे धातूचे खिळे. खिळा कुठल्या कोनात वळवला त्यावर आकडा ठरतो. खिळे सांडले की सगळा वर्ग रांगत शोधायचा.

वर्गाला ब्रेलचा नाद लागला, हे मी ठरवलेलं नव्हतं. तिच्या शेजारच्या दोन पोरांनी तक्ता पाठ केला आणि एकमेकांना चिठ्ठ्या टोचायला सुरुवात केली, कारण गुर्जींना पटकन वाचता येत नाही. खरंच येत नव्हतं. मी बोटानं कधीच वाचू शकलो नाही, आजही कागद खिडकीशी तिरका धरून टिंबांच्या सावल्या बघतो. एकदा अशी चिठ्ठी पकडली आणि तिच्या हातात दिली. तिनं भर वर्गात बोट फिरवत खणखणीत वाचलं, “सरांचा-पायजमा-उसवलाय.” उसवला होता.

२०१२ चा पाऊस गेला. तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा ज्यांनी मराठवाड्यात काढला त्यांना सांगायला नको. जनावरांच्या छावण्या लागल्या. आजी आपली एक गाय घेऊन छावणीत जाऊन राहिली, सोबत नात. शाळा दीड कोसावर. मी जाता-येता मोटारसायकलवर तिला न्यायला लागलो. संध्याकाळी सोडायला गेलो की कडब्याच्या पेंढीला टेकून ती पाटीवर टोचत बसायची आणि भोवती माणसं जमायची. अंधार पडला की सगळ्यांची कामं थांबायची, हिचं वाचन चालूच. एक म्हातारा म्हणाला, “हिला कंदिलाचा खर्च न्हाई बघा.” त्या चेष्टेवर ती स्वतःच सगळ्यात जोरात हसली. सावित्रीबाईंची जयंती तीन जानेवारीला आणि ब्रेलचा जन्मदिवस चारला, हे त्या वर्षी माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून आमच्या शाळेत दोन दिवस लागोपाठ कार्यक्रम होतो.

तिसरीत नकाशा आला. प्लायवूडच्या तुकड्यावर सुतळी चिकटवून महाराष्ट्र केला. गोदावरीला जाड दोरी, जिल्ह्यांच्या सीमांना बारीक दोरा, आपल्या गावाच्या जागी एक चिंचोका. नाशिकहून निघून पैठण, नांदेड करत तिचं बोट गोदावरीवरून पार तेलंगणाच्या कडेला गेलं आणि परत चिंचोक्यावर आलं. “माय कुठंय?” तिनं विचारलं. आई-बाप त्या हंगामात कोल्हापूरकडं होते. मी बोट धरून तिथं नेलं. तिनं अंगठा चिंचोक्यावर ठेवला आणि करंगळी कोल्हापूरवर. एक वीत.

“एवढंच? मग ट्रकमधी रात्रभर कामून बसावं लागतंय?”

त्या दिवशी प्रमाण शिकवलं. पुस्तकात ते पुढं होतं.

या सगळ्यात बाकीच्या मुलांचं काय, हे पालकांनी विचारलं आणि ते चूक नव्हते. एका वेळी दोन वर्ग माझ्याकडं. तिच्यासाठी पाऊण तास काढला की तो कुणाच्या तरी वाट्यातून जायचा. काही दिवस मी शाळेआधी बोलावलं, काही दिवस सुटल्यावर. शाळेबाहेरची कामं तर होतीच. आणि जमलं नाही असं एक लेकरू याच काळात माझ्या वर्गात होतं, ते सांगितलं नाही तर हे सगळं खोटं होईल. कमी ऐकू येणारा एक मुलगा. शिबिरात त्याला श्रवणयंत्र मिळालं होतं. सेल संपले. मी तालुक्याहून आणून दिले. पुन्हा संपले. पुन्हा आणले नाहीत. त्या आठवड्यात काय काम होतं तेही आता आठवत नाही. तो शांत होता, त्रास देत नव्हता, ओठांकडं बघून हसायचा. चौथीआधीच टोळीबरोबर गेला आणि परत शाळेत आला नाही. मध्यंतरी बसस्टँडवर दिसला. कोयता घ्यायला लागला आहे, लग्न झालंय. माझ्याकडं बघून तसाच हसला.

२०१४ च्या दसऱ्याला आजी घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. बापानं सांगितलं, “आता हिला संगं न्यावं लागतंय.” कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागच्या झोपडीवर, बसून धाकट्या भावाला सांभाळायचं, हे काम तिला जमण्यासारखं होतं. मी गेलो भांडायला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “उचल घेतलीय सर. दोघंबी गेलं तरच कोयता होतोय. हिला कुणापाशी ठिवू, तुमीच सांगा.” उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आणि कोयता म्हणजे तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. यावर उपदेश करण्यासारखं काही नसतं. गावात त्या वर्षी हंगामी वसतिगृह सुरू होतं, स्थलांतरित पालकांच्या लेकरांसाठी. स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “आंधळ्या पोरीची जोखीम मी न्हाई घेत.” त्यांना मी एवढंच म्हणालो, चार दिवस बघा. दुसऱ्या दिवशी रात्री लाइट गेली. अंधारात तांब्या कुठं, बॅटरी कुठं, काडेपेटी कुठं, हे त्या पोरीनं एकेक काढून दिलं. चौथ्या दिवशी मावशीच मला सांगत आल्या. त्या हंगामात ती गावातच राहिली.

तिला निवासी अंधशाळेत आधीच पाठवायला हवं होतं का, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. तिथं ब्रेलची पुस्तकं, तयार शिक्षक, बरोबरीची मुलं. आमच्याकडं लग्नपत्रिका आणि मी. पण आमच्याकडं गाव होतं, आजी होती, पायजम्याची चिठ्ठी लिहिणारी पोरं होती. २०१५ च्या जूनमध्ये पाचवीला ती अंधशाळेत गेली. पाऊस त्याही वर्षी नव्हता, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. दिवाळीनंतर भेटायला गेलो तर तिची दोन्ही बोटं ओळीवरून अशी पळत होती, की माझे डोळे मागं पडले. “सर, तुमची काही टिंबं फार दाबलेली असायची,” ती म्हणाली. “इथले सर म्हणतेत, तुला टोचायला कुणी शिकवलं, लोहारानं?”

२०२१ मध्ये ती दहावीला होती आणि कोरोनामुळं परीक्षाच रद्द झाली. सगळी पोरं खूश, ही चिडलेली. लेखनिकाबरोबर सराव करून ठेवला होता. तो बारावीला २०२३ मध्ये कामी आला. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. वेळ पुरला का, म्हणून मी फोन केला. “वेळ पुरला हो. पर त्या पोरीला ऱ्हस्व-दीर्घ येईना. प्रत्येक वेलांटी मला सांगावी लागली, पहिली का दुसरी.” आता ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मोबाइल तिला सगळं वाचून दाखवतो, ब्रेल हाताला कमीच लागतं. मी विचारलं, मग आपण एवढी खटपट केली ती वाया गेली का? म्हणाली, “मोबाइल बोलतो ते ऐकून ‘तज्ज्ञ’ कसा लिहायचा ते कळत नाही सर.” बँकेतल्या गृहस्थांची गोष्ट मीच तिला सांगितली होती. तेव्हापासून ती मला सोडत नाही.

मधल्या काळात माझी बदली झाली. नवीन शाळेत यंदा पहिलीला एक मुलगा आलाय. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा नसणं. पाय कात्रीसारखे आखडलेले, हात थरथरतात, बोलणं समजत नाही. त्याच्या दिव्यांग कार्डासाठी ऑनलाइन अर्ज केलाय, तपासणीला एक फेरी झाली, डॉक्टर रजेवर होते, आणखी एक होईल. आईनं कडेवरून उतरवताना सांगितलं, “त्याला काय कळत न्हाई सर, नुसतं बसू द्या.”

मी तिला विचारलं, “हो म्हणायचं असलं तर काय करतो तो?”

ती जरा विचारात पडली. “वर बघतंय.”

“आणि नको असलं तर?”

“डोळं मिटतंय.”

मग मी त्याच्यासमोर बसलो आणि विचारलं, भूक लागलीय का. त्यानं डोळे मिटले. बाहेर जायचंय का. मिटले. इथं बसायचंय का. त्यानं वर, आढ्याकडं बघितलं, आणि बघतच राहिला.

त्याला जमिनीवर बसता येत नाही, बाकावरून घसरतो. जुन्या बाकाच्या फळ्यांतून एक खुर्ची करून घेतोय: दोन्ही बाजूंना आधार, मांड्यांमध्ये एक ठोकळा, समोर कड असलेला पाट. परवा बसवून बघितलं, तर पाय लोंबकळत होते आणि त्यामुळं मानही हलत होती. पायाखालची फळी चार बोटं वर घ्यावी लागेल. सुतार सोमवारी येतो म्हणालाय.